पहिलं पाणी

रविवारची मिस्सा आटोपली की
इश्पेरांस आत्या वेदीवरचे कपडे गोळा करते.
चषक पुसायचा रुमाल सगळ्यांत वर,
कडेला द्राक्षारसाचा नखाएवढा डाग.
सोमवारी पदेराचा पोंगा वळणापलीकडे गेला
की घरामागे बसून ती ते धुते.
पहिलं पाणी मोरीत सोडायचं नाही,
हा तिच्या आईपासूनचा नियम.
पहिलं पाणी मातीला. जास्वंदीच्या बुंध्याशी.
‘त्यात तो असतो,’ एवढंच म्हणते
आणि गुडघ्यावर हात टेकून उठते.

मी दिवाडीच्या इगर्जीत व्हायोलिन वाजवतो,
सत्तावीस वर्षं.
मला विचाराल तर उपासना म्हणजे चार तारा जुळणं,
धूप वर जाताना सूर खाली न येणं.
क्वायरमध्ये कोणी अर्धा स्वर घसरलं
की मी डोळे मिटतो.
लोकांना वाटतं, भक्ती.

आमच्यात बापाला पाय म्हणतात.
पाय तीन वर्षं मागच्या खोलीत पडून आहेत.
उजवी बाजू गेली, बोलणं गेलं,
उरला एक उग्र वास
आणि कौलांकडे लागलेली नजर.
फेरीबोटीवर दोरखंड टाकायचे ते.
माझं पहिलं व्हायोलिन त्यांनीच पणजीला नेऊन विकलं,
तावेर्नातली उधारी फेडायला.
मी औषधं आणतो, उंबऱ्यावर ठेवतो.
आत आत्या जाते.

यंदा पवित्र गुरुवारी बारांतला एक मी होतो.
पाद्रींनी आमचे पाय धुतले,
घरून साबण लावून, नखं कापून आणलेले पाय.
मिंगेल तर पावडर लावून आला होता.
पाणीसुद्धा कोमट.
मला छान वाटलं, खोटं कशाला बोलू.

पास्काच्या आठवड्यात आत्या धक्क्याच्या उतारावर
शेवाळावरून घसरली.
प्लास्टरचा हात पोटाशी धरून म्हणाली,
‘सोमवारची दोन्ही धुणी तुझी.’

रुमाल धुणं सोपं होतं.
बोटं आपोआप हळू झाली,
जणू कुणी बघतंय.
पाणी जास्वंदीला घातलं, क्रूस केला.

मग मागच्या खोलीचं दार.

पायांचे पाय धरले मी.
लिहिताना हसू येतं, तेव्हा नाही आलं.
टाचांना भेगा,
घोट्यावर दोरखंडाचा जुना वण,
डावी करंगळी आत वळलेली.
माझीही तशीच आहे.
गुरुवारी पाद्रींनी ती पाहिली असणार.
ही मी आज पाहिली.

प्रार्थना म्हणायला गेलो, आठवेना.
डेटॉल जास्त पडलं.
क्षमा केली की नाही, मला माहीत नाही,
पाणी गार होत चाललं होतं
आणि पाठ अजून व्हायची होती.

बादली घेऊन मोरीपाशी आलो.
राखाडी पाणी, वर साबणाची साय.
आत्या पायरीवर, एका हाताने शेंगा सोलत.
मान न वळवता म्हणाली,
‘तिकडे कुठे? तेही जास्वंदीला.’
‘आत्ये, हे चषकाचं नाही.’
ती सोलत राहिली.
एक दाणा निसटून पायऱ्यांवरून खाली गेला,
कोंबडीने टिपला.
मी बादली घेऊन उभा.

रविवारी माझीच एक तार उतरलेली होती,
मला मिस्सा संपल्यावर कळलं.
मी पाहत होतो तो रुमाल:
पाद्रींनी चषक पुसला, घडी घातली.
डाग पुरता गेला नव्हता.

पुढच्या सोमवारी, घमेल्यात
पायांवर दुसरा तांब्या ओतताना
पाय म्हणाले, ‘पुरो.’
तीन वर्षांतला पहिला शब्द.
काय पुरे, ते कळलं नाही.
तांब्यात अजून पाणी होतं.